जंतर

मानवतच्या सराफा गल्लीत, अप्पांच्या दुकानात
एक पोलादी पट्टी आहे भोकाभोकांची,
थोरल्या भोकापासून मोहरीएवढ्या भोकापर्यंत.
तिला जंतर म्हणतात.
चांदीची कांब तापवायची, टोक घासून निमुळतं करायचं,
भोकात घालायचं, पलीकडून सांडशीत धरायचं.
"जोर नको लावूस," अप्पा म्हणायचे, "निस्तं वढीत राह्य.
झटका दिला की तार तुटती."

परभणीला माझ्या टेबलावर करडई भिजत असते.
तिसऱ्या दिवशी कोंब.
बियातलं तेल साखर व्हायला लागतं
पान नसताना, उजेड नसताना.
त्या कामाला लागतात त्या पिशव्या: पेरॉक्सिझोम.
एकपदरी पापुद्रा. आत जे विष निपजतं
त्याचं तिथल्या तिथं पाणी होतं.
घरचं मात्र काही शिजत नाही,
सगळे कामगार बाहेरून आणायचे.

आणणारा हमाल पेक्स-पाच.
ओझ्यासकट भिंतीत घुसतो, ओझं आत टाकतो
आणि स्वतः अडकतो, अर्धा आत अर्धा बाहेर.
मग त्याच्या अंगाला एक बारकी खूण बांधतात:
याला काढा.

काढणारे सहा.
तीन पेक्स-एक, तीन पेक्स-सहा,
एकाआड एक, गोल धरून,
आणि गोलावर दुसरा गोल.
एक नुसता धरून ठेवतो, दुसऱ्यात जळतं.
मधोमध भोक. भोकात प्रत्येकाचं बोट,
आडात उतरायच्या खाचांसारखी वळत खाली गेलेली बोटं.
एक एटीपी फुटतो.
खालचं बोट सोडतं, वर जातं, पुन्हा धरतं.
हमाल दोन मणी खाली सरकतो.
पुन्हा.
त्याची घडी उलगडते, त्याची तार होते.
बाहेर पडला की घडी परत बसते आणि तो
पुढच्या ओझ्याला निघतो.

यातलं मी काही पाहिलेलं नाही.
मी पाहते जेलवरचे करडे पट्टे,
आणि लाइट गेली की नवाजमामू जनरेटरकडे पळताना.

भावाची मुलगी रेणुका. माहूरच्या देवीची म्हणून.
मी रेणू म्हणते.
सातव्या महिन्यातही टाळीकडे वळली नाही.
घाटीतून हैदराबाद, हैदराबादहून एक कागद:
पेक्स-एक, जागा आठशे त्रेचाळीस,
ग्लायसिन हवं तिथं दुसरंच आम्ल.
आईकडून एक, बापाकडून एक.

कागदात नव्हतं ते मी नंतर वाचलं.
हे बिघडलेलं यंत्र बशीतल्या पेशींमध्ये
तीस अंशांना थोडं थोडं चालतं.
सदतीसला ढिलं पडतं.
अंग सदतीसचं असतं. मानवत, मे महिन्यात, चव्वेचाळीस.
हे मी वहिनीला सांगितलं. सांगायला नको होतं.
तिनं रेणूला रात्रभर ओल्या पंचानं पुसलं.
तसं नसतं गं, मी म्हटलं.
तिनं पंचा पिळला आणि पुन्हा बुडवला.

रेणू आता सहा वर्षांची. थोडं दिसतं, ऐकू येत नाही.
दुकानात बसते जंतराला गाल टेकवून.
तार सरकताना लोखंड काय बोलतं
ते तिला गालातून कळतं,
आणि अप्पांना सूर बदललेला कळायच्या आधी
ती मान वर करते: अडलं.

परवा त्यांनी सांडशी तिच्या हातात दिली.
वर आपली मूठ ठेवली, मग काढून घेतली.
दीड वीत तार आली. पकड सुटली.
कुणी काही बोललं नाही, बोलून उपयोग नव्हता.
तिनं चाचपून टोक शोधलं,
भोकाच्या जवळ, नव्यानं धरलं.

तार थोडी वाकडी आली.
अप्पांनी ती गिऱ्हाइकाच्या मापात घातली नाही.
गल्ल्यात ठेवली, चिल्लरीखाली.